उबवणी पेटी, २५ लाख आणि माझ्या बागेतला डबा



काल ठिबकच्या लॅटरल धुताना बागेच्या मधोमध खांबावरचा तो पांढरा डबा परत नजरेला पडला. दोन वर्षं झाली, बंद आहे. आत मुंगळ्यांनी घर केलंय. मोबाईलमधलं त्याचं ॲप उघडलं की नुसतं चाक फिरत राहतं. म्हटलं, आज यावर लिहायचंच. कुणाला राग आला तर येऊ दे.

डबा जमिनीतला ओलावा मोजायचा. बसवणारा पोरगा इंजिनिअर, हुशार आणि मनानं चांगला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या स्टार्टअपला एका इन्क्युबेटरनं हाताशी धरलं होतं. बसायला जागा, सल्लागार, सुरुवातीचं भांडवल, सगळं. पण यंत्र तपासलेलं काळ्या भारी रानात आणि माझं रान मुरमाड. मृग बहरात ॲप सांगतंय ‘पाणी नको’, आणि मी झाडाखाली उकरून बघतोय तर मातीची मूठ वळेना. चार दिवस ॲपवर विश्वास ठेवला ही माझी चूक. फुलगळ झाली ती झाली.

फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी आला. माती हातात घेतली. म्हणाला, “काका, मुरमाड जमिनीसाठी वेगळी जुळणी लागेल, त्याला एक पूर्ण हंगाम पाहिजे.” आणि गप्प झाला. पुढच्याच महिन्यात त्याला गुंतवणूकदारांसमोर उभं राहायचं होतं. तिथं प्रश्न एकच, ॲपवर शेतकरी किती? त्यानं शेतकरी वाढवले. सहा महिन्यांत पैसे संपले, पोरगा पुण्यात नोकरीला लागला, डब्यातल्या सिमचा रिचार्ज थांबला. माझ्या रानाची एका बहराची नोंद कुठं गेली ते त्यालाही सांगता येईना.

आता यात दोष कुणाचा? माझ्या मते साच्याचा. २००५ साली अमेरिकेत वाय कॉम्बिनेटर सुरू झालं. नव्या पोरांना थोडे पैसे द्यायचे, थोडा हिस्सा घ्यायचा, तीन महिने घासून घ्यायचं आणि शेवटी गुंतवणूकदारांपुढं उभं करायचं. इंटरनेटवरच्या धंद्याला हे बरोबर आहे. वेबसाईट चुकली तर रात्रीत दुरुस्त होते, सकाळी गिऱ्हाईक परत येतं. बहर चुकला तर परत वर्षभर थांबावं लागतं. आडसाली ऊस १६-१८ महिने रानात असतो, त्याला तीन महिन्यांत काय सिद्ध करून दाखवणार? तरी तोच साचा आपल्याकडं शेतीला आणून बसवला.

गंमत बघा, इन्क्युबेटर हा शब्दच मुळात कोंबड्यांचा. १९५९ साली अमेरिकेतल्या बटाविया गावात शेतीअवजारांचा बंद पडलेला मोठा कारखाना जोसेफ मँकुसो यांनी घेतला आणि छोट्या धंद्यांना भाड्यानं दिला. सुरुवातीच्या भाडेकरूंत एक कोंबडीची पिल्लं तयार करणारा होता, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. आपल्याकडं बायाबापड्यांना सुद्धा माहीत आहे, खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यावर बसते. पंधराव्या दिवशी टोपली हलवली तर पिल्लू निघत नाही.

पैसा नाही असं कुणी म्हणू नये. केंद्राच्या ‘रफ्तार’ योजनेत कृषी इन्क्युबेटरमार्फत दोन महिन्यांचं प्रशिक्षण आणि २५ लाखांपर्यंत अनुदान ठेवलं. २०२१ साली स्टार्टअप इंडियाची ९४५ कोटींची बीज निधी योजना सुरू झाली. त्यातही कल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं. आणि ते मिळालंच पाहिजे. तारणाला जमीन नसलेल्या पोराला कुठली बँक दारात उभं करते? या पोरांचे पैसे बंद करा असं मी म्हणत नाही, आधीच सांगतो.

काही जण म्हणतील, दहातले नऊ स्टार्टअप बुडणारच, तो धोका धरूनच चालायचं. मान्य. पण बुडताना खर्च कुणाच्या खिशातून जातो? त्या पोराला अनुदान होतं, इन्क्युबेटरच्या माणसांना पगार होता, माझ्या फुलगळीला काय होतं? बियाणं उगवलं नाही तर निदान पंचनामा तरी मागता येतो. चाचणीला रान देणाऱ्याचं कागदावर नावसुद्धा नसतं, फक्त ‘वापरकर्ता’ म्हणून आकड्यात मोजतात.

तेव्हा अनुदानाचा पहिला हप्ता भाषणावर द्या, पण दुसरा रानातला एक पूर्ण हंगाम झाल्यावरच द्या, आणि तो निदान दोन प्रकारच्या जमिनीत. चाचणीच्या प्लॉटचं भाडं आणि नुकसानीची तरतूद त्याच २५ लाखांत धरा. कंपनी बंद पडली तर शेतकऱ्याची नोंद त्याला परत द्या, साध्या कागदावर दिली तरी चालेल. आणि निवड समितीत टाय लावलेल्या चौघांबरोबर एक तरी असा बसवा ज्याच्या नावावर सातबारा आहे आणि जो स्वतः पाणी धरतो. तो पहिला प्रश्न मातीचाच विचारेल.

या पानावर कृषी विद्यापीठातले आणि केव्हीकेतले बरेच साहेब आहेत. तुमच्यातले काही अशा समित्यांवर बसतात. सर, मागच्या वेळी ज्यांना तुम्ही पास केलं, त्यांची यंत्रं आज किती रानात चालू आहेत, हे एकदा फोन करून विचाराल का? माझा डबा त्यात धरू नका. तो उद्या काढतोय, खांब वेलाच्या मांडवाला लागतोय.