‘दोन लाखात भागलं होतं’: साक्षीदार दोन, पण कोर्ट कुणाचं ऐकणार?

द्राक्षाचा हंगाम सरला की तालुक्याच्या कोर्टात ठरलेल्या नमुन्याची भांडणं येतात. बाहेरचा व्यापारी बागेत येतो, दर तोंडी ठरतो, माल गाडीत जातो, थोडे पैसे हातात पडतात आणि बाकी लटकते.

समजा बाकी साडेचार लाख आहे. चार महिने फोन करून शेतकरी थकतो. मग ढाब्यावर बैठक होते, दलाल मध्ये पडतो, व्यापारी दोन लाख देतो. शेतकरी म्हणतो, ‘अडीच राहिले.’ व्यापारी म्हणतो, ‘दोनात भागलं होतं,’ आणि दोन माणसं साक्षीला उभी करतो.

इथं 1872 च्या करार कायद्याचं कलम 63 आडवं येतं. ज्याचं येणं आहे त्यानं कमी रक्कम ‘पूर्ण फेड’ म्हणून घेतली, तर उरलेलं देणं संपतं. ते तोंडी ठरलं तरी चालतं. म्हणजे शेतकऱ्याचे अडीच लाख त्या दोन साक्षींवर अडकले. पण ‘भागलं’ हे सिद्ध करायचं ओझं व्यापाऱ्यावर असतं, हे बरेच जण विसरतात.

माझ्याकडे एक आणि त्याच्याकडे दोन, म्हणजे मी हरलो, असं नसतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात साक्षीदारांचा ठरावीक आकडा लागत नाही. जुन्या कायद्यातही तेच होतं. सुप्रीम कोर्टानं 1957 मध्ये वडिवेलू थेवर खटल्यात साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले: पूर्ण विश्वासाचा, अजिबात विश्वास नसलेला आणि मधला. मधल्याच्या बोलण्याला दुसरा आधार शोधावा लागतो. तो खटला खुनाचा होता, पण पैशाच्या दाव्यातही वकील तो दाखवतात.

आपले साक्षीदार बहुतेक मधलेच. दलालाचं कमिशन व्यापाऱ्याकडून येतं, शेतकऱ्याचा साक्षीदार त्याचा मेहुणा. नातं आहे म्हणून साक्ष फेकून देत नाहीत, जास्त बारकाईनं तपासतात. उलटतपासणीत दोघांच्या सांगण्यात किरकोळ फरक पडला तर बिघडत नाही. उलट दोघंही शब्दाला शब्द तेच बोलले की पढवून आणल्याचा वास येतो.

खरा कस लागतो तो बैठकीनंतरच्या वागण्यावर. हिशोब मिटला होता, तर तारण म्हणून दिलेला चेक व्यापाऱ्यानं परत का घेतला नाही? महिन्यानं ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ असा व्हॉट्सअॅप मेसेज कशासाठी टाकला? अशा एका मेसेजपुढे दोन साक्षीदार फिके पडतात. तसंच शेतकरी दोन वर्षं गप्प बसला असेल, तर त्याच्याही बोलण्यावर शंका येणारच.

मेसेजची प्रिंट नुसती जोडून मात्र भागत नाही. आपल्या जालना विधानसभेच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात, सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच, असं सांगितलं. मूळ फोनच मालकानं कोर्टात हजर केला तर गोष्ट वेगळी. नव्या कायद्यात हे कलम 63 मध्ये आहे (करार कायद्याचं 63 वेगळं, गल्लत नको). म्हणून फोन बदलताना जुना विकू नका, चॅट पुसू नका.

व्यापाऱ्याच्या वहीचं काय? साक्ष्य अधिनियमाच्या कलम 28 प्रमाणे वहीतली नोंद पुरावा होऊ शकते, पण फक्त तिच्यावर कुणावर देणं बसवता येत नाही.

सगळ्यात मोठा धोका सहीचा. ‘पूर्ण हिशोब मिळाला, तक्रार नाही’ अशा पावतीवर घाईत सही केली, तर नंतर तोंडी साक्षीनं ती खोडणं फार अवघड जातं. पैसे मोजून घ्या, पावतीवर ‘दोन लाख मिळाले, अडीच लाख बाकी’ एवढंच लिहा आणि घरी पोचायच्या आत तोच मजकूर व्यापाऱ्याला मेसेज करा. त्यानंही पैसे आले नाहीत, तर वकिलाला लवकर गाठा. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांचीच मुदत असते.