पंखा हवा आणतो कुठून?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घराच्या कडेला गाडीसाठी पत्र्याची शेड घालायचं ठरलं. वेल्डर आला, टेप लावून मापं घेतली आणि म्हणाला, "दोन दिवसांत उभी करतो, बाई."

तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "अगं, पण पंख्याचं तोंड कुठं जाणार?"

आम्ही सगळे गप्प! त्या भिंतीत स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा, न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या धुराचा पाइप आणि मधल्या खोलीची खिडकी, अशी तिन्ही तोंडं शेडखाली येत होती.

शेड समोरून उघडीच आहे, मग काय बिघडलं? मलाही आधी असंच वाटलं. पण एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत, मागेही भिंत आणि वर पत्रा. गरम धूर वर चढतो, पत्र्याला अडतो आणि तिथंच घोटाळत राहतो. गॅस जळताना हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे त्याला धरून बसतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि जीवही जाऊ शकतो. पेट्रोल गाडीच्या धुरातही हाच वायू असतो. सकाळी इंजिन थंड असताना तर जास्तच, कारण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट काम करत नाही.

आता खरी गंमत ऐका. पंखा हवा बाहेर फेकतो हे आपल्याला दिसतं. पण जेवढी बाहेर गेली तेवढी आत यायलाच हवी ना? ती येते मिळेल त्या फटीतून. म्हणजे मधल्या खोलीची ती एकच खिडकी उघडी असेल, तर स्वयंपाकघरातला पंखा गाडीचा धूर सरळ घरात ओढून घेणार! दारं-खिडक्या घट्ट बंद असल्या, तर गिझरच्या पाइपातला धूरसुद्धा उलटा आत येऊ शकतो.

शेवटी आम्ही पंखा मागच्या भिंतीत नेला. पाइपानं शेडबाहेर काढता आला असता, पण त्याला दोन एल्बो लागत होते, आणि प्रत्येक वळणावर हवेचा जोर कमी होतो. गिझरचा पाइप मेकॅनिककडून पत्र्याच्या वरपर्यंत नेऊन घेतला, वर पावसासाठी टोपी बसवली. शेडकडची खिडकी बंदच ठेवतो. हवेसाठी समोरच्या बाजूची उघडतो. वेल्डरचा एक दिवस वाढला, तो थोडा कुरकुरलाही. ओट्याखालचा झरोका मात्र शेडच्या फरशीखाली बुजणार होता, तो सासूबाईंनीच वाचवला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. त्याला वाट खालीच लागते.

तुमच्या घरी पंखा असेल तर एक करून बघा. मोठं माणूस जवळ हवं, शेगडी आणि गिझर बंद हवेत. एकच खिडकी बोटभर उघडी ठेवा, पंखा लावा आणि पेटलेली उदबत्ती पडद्यापासून दूर, त्या फटीजवळ धरा. धूर कुठं वळतो? मग दुसरी खिडकी उघडून पुन्हा बघा. दोन्ही वेळचं वहीत लिहून ठेवा, आणि त्या खिडक्यांबाहेर काय उभं असतं तेही.