घड्याळ कुणाच्या हातात?



या आठवड्याच्या टपालात लोणच्याला बुरशी का धरते, मुलगा अभ्यासाला बसत नाही, अशी नेहमीची पत्रं होतीच. पण एक पत्र वेगळं निघालं. इस्लामपूरच्या एका भगिनीने ते लिहिलंय. वय चव्वेचाळीस, दोन मुलं, घरात सासूबाई. गेल्या वर्षी त्या साताऱ्याची घाटातली अर्ध मॅरेथॉन धावल्या. पुढचं त्यांच्याच शब्दांत देते :

"ताई, मला २ तास ४१ मिनिटं लागली. मेडल घेऊन घरी आले तर आमचे हे म्हणाले, 'अडीच तासांच्या आत आलीस तर पुढच्या वर्षीची फी भरू. नाहीतर पुरे झालं हे पळणं.' हसत म्हणाले, पण हसत म्हटलेलं ते विसरत नाहीत. यंदाच्या शर्यतीला नऊ आठवडे राहिलेत. रोज पहाटे सात-आठ किलोमीटर जीव तोडून पळते. सपाट रस्त्यावर १० किलोमीटरला ७० मिनिटं लागतात. महिनाभर उजव्या नडगीत एकाच जागी दुखतंय, पण घरी बोलले नाही. अडीच तास जमतील का?"

ताई, आधी नडगीचं बघू, मग घड्याळाचं.

नडगीच्या कडेकडेने सगळीकडे ठणकत असेल, तर बहुतेकदा तो अति पळण्याचा ताण असतो. पण एका बोटाने दाबल्यावर नेमक्या एकाच जागी कळ येते, रात्री पडल्यावरही दुखतं, असं असेल तर हाडाला बारीक चीर पडायला लागलेली असू शकते. अशा हाडावर पळत राहिलात तर ते पुरतं मोडूही शकतं. तेव्हा आजपासून पळणं बंद आणि याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ही चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसतेच असं नाही, म्हणून महिनाभराचं दुखणं त्यांना नीट सांगा. त्यांनी यंदा नको म्हटलं, तर यंदा नको. घाट कुठे जात नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली, असं धरून आता हिशेब मांडू.

अर्ध मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर साधारण ९८ मीटर. ती अडीच तासांत पुरी करायची तर प्रत्येक किलोमीटरला ७ मिनिटं ७ सेकंद मिळतात. तुम्हाला १० किलोमीटरला आताच किलोमीटरमागे ७ मिनिटं लागतात, म्हणून जमेल असं वाटतं. पण अंतर दुप्पट झालं की पाय तोच वेग देत नाहीत. एक ढोबळ आडाखा असा, की १० किलोमीटरच्या वेळेला सव्वादोनला जरा कमी, म्हणजे २.२ ने गुणायचं. तुमचे होतात १५४ मिनिटं, म्हणजे २ तास ३४ मिनिटं. तेही सपाट रस्त्यावर. साताऱ्याच्या शर्यतीत तर यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरून यायचं. तेव्हा स्पष्टच सांगते, यंदा अडीच तास तुमच्या पायांत नाहीत.

वाईट वाटून घेऊ नका. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, की गेल्या वर्षी वर पोचायला १ तास १९ मिनिटं लागली. म्हणजे येताना १ तास २२! उताराला चढापेक्षा जास्त वेळ! ताई, हे घरखर्चासारखं झालं. पगार दहा तारखेलाच संपला आणि पुढचे वीस दिवस उधारीवर काढले. चढावर तुम्ही मांड्यांची ताकद उधळलीत आणि उतारावर पाय उचलेनात.

यंदा वर जाताना १ तास २७ मिनिटं घ्या. लोक पुढे जातील, जाऊ द्यात. चढावर मधूनमधून भरभर चालायलाही लाजू नका. येताना १ तास ११ मिनिटं. बेरीज २ तास ३८. हे तुमचं उद्दिष्ट. ते साधलं तर गेल्या वर्षीपेक्षा तीन मिनिटं वाचली, आणि तीही कमी दमून. उतारावर टाच आपटत, ब्रेक लावत येऊ नका. पावलं आखूड आणि झटपट टाका.

पळणं पुन्हा सुरू होईल तेव्हा रोज नको. आठवड्यातून चार दिवस पुरेत. दोन दिवस हलकं, पाचेक किलोमीटर. एक दिवस चढउताराचं. रविवारी लांबचं, आणि ते हळूहळू वाढवत १६-१७ किलोमीटरपर्यंत न्या. लांबच्या दिवशी इतकं सावकाश पळा, की सोबतिणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. गप्पा थांबल्या तर वेग जास्त झाला. उरलेले तीन दिवस विश्रांती. पाय घडतात ते विश्रांतीत. शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करत आणा. राहिलेला अभ्यास आदल्या रात्री उरकायची सवय इथे चालत नाही.

बाकी थोडक्यात :

• रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. बायकांमध्ये ते १२ च्या खाली असलं तर त्याला पंडुरोग म्हणतात. मग कितीही पळा, दमच टिकत नाही. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. जेवणाला लागून चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा.

• उपाशीपोटी लांबचं पळू नका. दीड-दोन तास आधी केळं किंवा थोडे पोहे. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ आणि नवे बूट, दोन्ही वर्ज्य.

• तहान लागेल तसं घोटघोट प्या. भीतीपोटी लिटरच्या लिटर नुसतं पाणी प्यायलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि चक्कर येते. ते जिवावरही बेतू शकतं. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी जवळ ठेवा.

• बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. आतले कपडे घट्ट आधार देणारे आणि सुती नकोत, घामाने ते काचतात. काचतं तिथे आधीच व्हॅसलीन लावा.

आता राहिली फीची गोष्ट. ती पळण्याची गोष्टच नाही, ताई. घड्याळ तुमच्या मनगटावर आहे, पण चालवतंय दुसरंच कुणीतरी. म्हणून तर महिनाभर दुखणं लपवलंत. अडीच तास हा आकडा ना तुमच्या पायांनी दिला, ना घाटाने. तो गमतीत निघालेला शब्द, आणि त्यापायी हाड मोडून घ्यायची वेळ आली.

रात्री जेवणं झाली की ह्यांना शांतपणे सांगा, "नडगी दुखतेय, डॉक्टरांकडे यायचंय का सोबत?" तिथून बोलणं सुरू करा. कदाचित त्यांना पहाटेच्या अंधारात तुम्ही एकट्या जाता याची काळजी असेल. कदाचित सकाळच्या डब्यांची अडचण असेल. ते खरं कारण निघालं तर त्याला उपाय आहे. सोबतीण शोधता येईल, रविवारचा चहा-नाश्ता त्यांच्याकडे देता येईल. मग ठामपणे सांगा, "यंदा मी २ तास ३८ मिनिटांसाठी धावणार आहे. वेळ मी ठरवलीय." फी भिशीतून भरता येईल, तो प्रश्न नाही. पण पैसे लपवून भरू नका. एक दुखणं लपवून झालंय, तेवढं पुरे.

बायकांचं पळणं कुणीतरी दुसऱ्याने ठरवायचं, ही रीत जुनीच आहे. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या. हे त्यांना झेपत नाही म्हणून ती शर्यत बंद झाली, ती थेट १९६० साली परत आली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ उजाडलं. आणि तुमच्या शेजारच्याच सातारा जिल्ह्यातली, माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिचा वेग आपल्याला नको. पण आपला वेग किती, हे आपल्या पायांना विचारायचा हक्क मात्र हवा.

डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. आणि घाटातून उतरलात, की तुमची वेळ पोस्टकार्डावर लिहून पाठवा. २ तास ३८ असो नाहीतर २ तास ५०, मी वाट पाहीन.

तुमची,
ताई