खेळातील आगगाडी आणि तारांचे जोड

पुण्यास कोथरूडचे लघुरेल्वे-संग्रहालय पाहून आलेली मुले घरी आगगाडीचा हट्ट धरितात, आणि वडीलमंडळीही तीत रमतात. पुढे रूळ वाढले की गाडी दूरच्या टोकास रेंगाळू लागते. दोष बहुधा इंजिनाचा नसून सैल पडलेल्या, मळलेल्या रूळसांध्यांचा असतो. यास्तव फळीखालून दोन जाड तारा न्याव्या आणि ठिकठिकाणी बारीक तारांनी त्या रुळांस जोडाव्या.

रुळाशी तारेस डाख लावावा, हे उत्तम. फळीखाली मात्र स्क्रूचा किंवा खटक्याचा कनेक्टर सोयीचा; दोष शोधताना तो सोडविता येतो. तारेची जाडी व प्रवाह यांस साजेल असाच घ्यावा. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळणे आम्हांस मान्य नाही. १२ व्होल्टांनी हातास झटका बसत नाही, हे खरे. पण सैल जोड तापतो, आणि त्याच्या अडथळ्यामुळे शॉर्ट सर्किट होऊनही संरक्षक खटका पडेलच असे नाही.

म्हणून रुळांच्या प्रत्येक भागावर क्षणभर आडवे नाणे ठेवून पाहावे. पुरवठा तत्काळ बंद पडला, तरच गाडी मुलांच्या स्वाधीन करावी, अशी आमची वाचकांस सूचना आहे.