दुरुस्तीची टिपणे आणि मराठी गद्य

पदव्युत्तर वर्गात मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आम्ही लीळाचरित्रापासून आरंभ करतो, बखरी व पत्रव्यवहार ओलांडून निबंधमालेच्या काळात येतो आणि तेथून कथा-कादंबरीच्या हमरस्त्याला लागतो. या प्रवासात एक प्रश्न कायम मागे राहतो. एखादी वस्तू कशी चालते, ती बिघडली तर कशी ओळखावी आणि कशी सुधारावी, हे सांगणाऱ्या मराठी गद्याचे काय झाले? ‘व्यावहारिक मराठी’च्या अभ्यासपत्रिकेत अर्ज, इतिवृत्त आणि जाहिरात यांची सोय आहे, दुरुस्तीच्या लेखनाला तेथे जागा नाही. आमचे म्हणणे असे की हे गद्य आजही लिहिले जाते, आणि त्याचा कसदार नमुना पाहायचा असेल तर जुन्या टाटा सुमोच्या मालकांनी एकमेकांसाठी केलेली टिपणे वाचावीत.

वाचकांना हे विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून आधी गाडीविषयी थोडे. सुमो १९९४ साली बाजारात आली. टेल्कोचे प्रमुख राहिलेले सुमंत मूळगावकर यांच्या नावाच्या व आडनावाच्या आरंभीच्या अक्षरांवरून तिचे नाव पडले. पुण्यात तयार होणाऱ्या या गाडीचे उत्पादन २०१९ साली थांबले. मधल्या पंचवीस वर्षांत तिने पश्चिम महाराष्ट्रात वडाप केले, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी म्हणून माणसे वाहिली, वऱ्हाडे नेली, निवडणुकांचा प्रचार केला आणि रुग्णवाहिका होऊन आजारी माणसांना तालुक्याला पोचवले. आज शिल्लक असलेल्या सुमो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात आहेत. नवे सुटे भाग सहज मिळेनासे झाले की हा मालक कधी कुर्ल्याच्या भंगार बाजारात जातो, कधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हवा तो भाग कातून घेतो, आणि जे जमले ते दुसऱ्या मालकाला लिहून कळवतो.

ही गाडी असे लेखन घडवते, कारण ती वाचता येते. लोखंडी चॅसीवर बसवलेली बॉडी, मागे पाटे, पुढे टॉर्शन बार, आणि आरंभीच्या इंजिनाला यांत्रिक डिझेल पंप. मध्ये संगणक नाही. बिघाड डोळ्यांना दिसतो, कानाला ऐकू येतो किंवा हाताला लागतो. म्हणून तो शब्दांत मांडता येतो.

एका नेहमीच्या तक्रारीचे उदाहरण घेऊ. गाडी सकाळी सुरू होते, थोडी चालते आणि बंद पडते. मग बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. चांगले टिपण येथे लगेच उपाय सांगत नाही. ते आधी परिस्थिती विचारते: गाडी रात्री चढावर उभी होती की उतारावर? टाकी भरलेली होती की तळाला गेलेली? मग ते कारणाकडे वळते. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते. तेथे बारीक चीर असेल तर तेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे कोठेही ओल दिसत नाही आणि मिस्त्री आधी पंपावर, मग नोझलवर संशय घेतो. टिपण सांगते की नळीच्या मध्ये थोडा पारदर्शक तुकडा जोडा आणि बुडबुडे येतात का पाहा. येत असतील तर पंपाला वेगळ्या डब्यातून डिझेल द्या. बुडबुडे थांबले तर दोष टाकीकडच्या बाजूला आहे. मग ती नळी बदला, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, निर्मळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळा. शेवटी तारीख, किलोमीटरचा आकडा, आलेला खर्च, आणि महिन्याभराने भरलेली ओळ: दोष पुन्हा उद्भवला किंवा नाही.

या लेखनाची शिस्त पाहावी. लक्षण, परिस्थिती, शंका, कसोटी, निष्कर्ष, आणि निष्कर्षाची पुन्हा तपासणी. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत, आणि खरे तर आमच्याही चर्चासत्रांतील निबंधांत, हा क्रम इतक्या स्वच्छपणे क्वचितच आढळतो. शेवटची पायरी तर जवळजवळ नसतेच. आपले मत वर्षभराने टिकले की नाही, हे कोणता समीक्षक लिहून ठेवतो?

भाषेचाही विचार करावा. भाषा संचालनालयाने अभियांत्रिकीचे परिभाषाकोश काढले. त्या श्रमांविषयी आम्हांला आदर आहे. परंतु या टिपणांतील भाषा वेगळ्या वाटेने घडली आहे. बोल्टचे ‘आटे जातात’, इंजिन ‘बांधले’ जाते, गाडी एका बाजूला ‘ओढते’, रेडिएटर ‘चोंदतो’. गॅस्केट, बेअरिंग, क्लच हे शब्द इंग्रजीतून आले. पण त्यांच्यापुढची क्रियापदे मराठी आहेत आणि अर्थाचा भार तीच वाहतात. शालेय व्याकरणात अनुकरणवाचक शब्द म्हणजे चिवचिव आणि डरावडराव अशी एक यादी असते. येथे त्याच शब्दांवर निदान उभे राहते. वळताना येणारी टकटक, खड्ड्यात ऐकू येणारा ‘खट्’, ब्रेक दाबताच उठणारी किरकिर आणि चढावरची घरघर हे चार वेगळे आजार आहेत. त्यांत गल्लत झाली तर पैसे वाया जातात. नेमक्या शब्दाची एवढी रोख किंमत साहित्याच्या वर्गात आम्ही कधी पटवून देऊ शकलो नाही.

एकाच बिघाडावर दोन मालक दोन उपाय लिहितात, हेही ध्यानात घ्यावे. महानुभावांच्या पोथ्यांत एकाच लीळेच्या निरनिराळ्या परंपरा ‘वासना’ म्हणून नोंदलेल्या सापडतात. एक ठेवून बाकीच्या पुसलेल्या नसतात. टिपणांचे उत्तम संग्राहकही हेच करतात. घाटातल्या गाडीला लागू पडलेला उपाय पठारावरच्या गाडीला लागू पडेलच असे नाही, म्हणून दोन्ही राहू देतात. यालाच आपण पाठभेदांची नोंद म्हणतो.

मात्र दुरुस्ती आणि सुधारणा यांत फरक आहे, आणि आमच्या मते या लेखनाची खरी परीक्षा तेथेच होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. शुद्ध करणे आणि भर घालणे यांतील ही सीमारेषा गाडीच्या मालकालाही आखावी लागते. जुन्या वायरिंगमुळे दिवे मंद झाले असतील तर रिले आणि फ्यूज बसवून बॅटरीवरून थेट वीज द्यावी. मूळच्याच बल्बचा उजेड परत मिळतो. हे शुद्धीकरण झाले. त्याऐवजी शंभर वॅटचे बल्ब लावले तर वायर तापते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. टॉर्शन बारचा बोल्ट आवळून बसलेली गाडी मूळ उंचीवर आणणे योग्य. ऐटीसाठी त्याहून वर उचलली की चाकांची ठेवण बिघडते आणि टायर एका बाजूने झिजतात. मोठे टायर चढवले तर स्पीडोमीटर खऱ्याहून कमी वेग दाखवू लागतो, म्हणजे गाडी स्वतःविषयीच खोटे बोलू लागते. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना आडकाठी केली आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. पण कायद्याच्या आधी हा विवेकाचा प्रश्न आहे. चांगली टिपणे या सीमेवर वाद घालतात. सुमार टिपणे नुसती हौस मिरवतात.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जुन्या डिझेल गाड्या धूर ओकतात. त्यांचे कौतुक कशाला? काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल. तो चोंदलेल्या एअर फिल्टरमुळे किंवा थेंब सोडणाऱ्या नोझलमुळे वाढला असेल तर दुरुस्तीने कमी होतो. पण एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ इतकी स्वच्छ ही गाडी कोणत्याही टिपणाने होणार नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवताना होणारी तपासणी म्हणूनच आवश्यक आहे. जी गाडी तीत टिकणार नाही ती मोडीत जावी. आमचा आग्रह गाडी वाचवण्याचा नाही. गाडीबरोबर तिच्याविषयीचे लेखनही मोडीत निघू नये, एवढाच आहे.

ते निघण्याची भीती खरी आहे. नव्या गाडीचा बिघाड स्कॅनरवर एका सांकेतिक आकड्याने उमटतो. मालकाच्या कानाला आणि शब्दाला तेथे फारसे काम उरत नाही. जुन्या मिस्त्र्यांच्या हातातले ज्ञान बहुतांशी लिहिलेलेच नाही. मालकांची टिपणे वह्यांत, बिलांच्या पाठीवर आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून आहेत. गाडी भंगारात गेली की तीही जातात.

मराठी विभागांना येथे काम आहे, आणि त्यासाठी अनुदान लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातील अशी पंचवीस टिपणे मालकांच्या संमतीने गोळा करावीत. विद्यार्थ्यांनी त्यांचे पाठ लावावेत, पाठभेद नोंदवावेत, शब्दसूची करावी आणि शंका आली तर गॅरेजमध्ये जाऊन विचारावे. सुमोच हवी असे नाही. ट्रॅक्टर, शिलाई यंत्र, पिठाची गिरणी, काहीही चालेल. यंदाच्या प्रकल्पांचे विषय ठरवण्याची वेळ आली की एखाद्या गाजलेल्या कादंबरीतील ‘स्त्री-प्रतिमा’ पुन्हा एकदा वाटून देण्यापूर्वी सहकाऱ्यांनी या सूचनेचा विचार करावा, ही विनंती.