विश्लेषण : औषध दारात आले, मग जबाबदारी कुठे राहिली?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. जळगावात राहणाऱ्या आजीला रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले. नेहमीच्या मेडिकलमध्ये ते पेन नव्हते, म्हणून मी पुण्यात बसून मोबाइलवरून मागवले. तिसऱ्या दिवशी दुपारी ‘डिलिव्हर्ड’ असा मेसेज आला. आजीला बेल ऐकू आली नाही, म्हणून पार्सल जिन्याखाली मीटरच्या पेटीजवळ ठेवून डिलिव्हरीवाला निघून गेला होता. ते संध्याकाळी सापडले, तेव्हा आतल्या जेल पॅकचे कोमट पाणी झाले होते.

हे इन्सुलिन टोचायचे की नाही? कंपनीचे उत्तर : ऑर्डर पोहोचली आहे, परताव्यासाठी तक्रार नोंदवा. रुग्णालयाचे उत्तर : औषध तुम्ही बाहेरून मागवले, आम्ही काय सांगणार? शेवटी कोपऱ्यावरच्या केमिस्टकाकांनी ‘टाकून द्या’ म्हणून सांगितले आणि चार फोन करून रात्रीपर्यंत दुसरे पेन मिळवून दिले. नुकसान पैशांवर निभावले. पण रुग्णालयाने लिहून दिलेले औषध घरी येते, तेव्हा त्याच्यासोबतची जबाबदारी कोणाकडे येते, हा प्रश्न मनातून गेला नाही.

नुसते औषध पोहोचवणे पुरेसे का नाही?

रुग्णालयात औषधासोबत आणखी बरेच काही मिळते. नर्स डोस तपासते, औषध फ्रीजमध्ये ठेवलेले असते, त्रास झाला तर हाक मारायला माणूस असतो. घरी ही सगळी कामे रुग्णाच्या सुनेवर, मुलावर किंवा स्वतः रुग्णावर येतात. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. उन्हात तापले तर त्याची ताकद कमी होते आणि बर्फाला चिकटून गोठले तरी ते निकामी होते. बिघडलेले इन्सुलिन प्रत्येक वेळी नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. पोटातून होणारे डायलिसिस घरी करणाऱ्या रुग्णाला तर दिवसातून तीन-चार वेळा द्रवाची पिशवी बदलावी लागते. अशा रुग्णासाठी पिशव्यांचा पुरवठा दोन दिवस लांबणे म्हणजे उपचारच थांबणे.

इंग्लंडने काय केले?

ही व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभी करणारा देश म्हणजे इंग्लंड. तेथे पाच लाखांहून अधिक रुग्णांना सरकारी रुग्णालयांनी लिहून दिलेली औषधे खासगी कंपन्यांमार्फत घरपोच मिळतात. संधिवाताची इंजेक्शने, कर्करोगाची काही औषधे त्यात येतात. गरज असेल तिथे इंजेक्शन कसे घ्यायचे हे शिकवायला नर्सही घरी येते. रुग्णाची फेरी वाचते, रुग्णालयातली गर्दी कमी होते. आणखी एक कारण पैशाचे आहे. रुग्णालयातून दिलेल्या औषधावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागतो, घरी पोहोचवलेल्या औषधावर तो शून्य असतो.

कल्पना चांगली होती. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेतील लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने या सेवेवर अहवाल दिला आणि त्याला नाव दिले ‘गमावलेली संधी’. औषधे उशिरा पोहोचल्याने काही रुग्णांचा आजार बळावला होता. त्याहून गंभीर निष्कर्ष असा, की किती रुग्णांना किती इजा होते हे सरकार, आरोग्य यंत्रणा आणि नियामक यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. संपूर्ण सेवेला जबाबदार असा एकही माणूस नव्हता. पैसा होता, फ्रीज असलेल्या गाड्या होत्या, तरीही हे घडले.

तमिळनाडूचा मार्ग वेगळा कसा?

तमिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’, म्हणजे ‘लोकांच्या शोधात वैद्यकसेवा’, ही योजना कृष्णगिरी जिल्ह्यातून सुरू केली. यात गावातलीच प्रशिक्षित स्त्री रक्तदाब आणि साखर तपासण्याचे यंत्र घेऊन घरी येते, तपासणी करते आणि औषध देते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट येतात. घरी डायलिसिस करणाऱ्यांना पिशव्याही मिळतात. २०२४ मध्ये या योजनेला संयुक्त राष्ट्रांच्या कृती दलाचा पुरस्कार मिळाला. या स्त्रियांना मिळणारे मानधन तुटपुंजे आहे, ही त्यांची तक्रार रास्तच म्हणावी लागेल. पण मूळ रचना बरोबर आहे : औषध देणारी व्यक्ती साखरही मोजते. साखर वाढलेली दिसली, की ती रुग्णाला आरोग्य केंद्रात पाठवते.

आपला कायदा काय म्हणतो?

औषधविक्रीचा मूळ कायदा १९४० चा आणि त्याचे नियम १९४५ चे. ते लिहिले गेले तेव्हा दुकान, गल्ला आणि समोर उभा ग्राहक हेच चित्र होते. ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये आला आणि वर्षानुवर्षे मसुदाच राहिला. करोनाच्या टाळेबंदीत, २६ मार्च २०२० रोजी, केंद्राने परवानाधारक दुकानांना घरपोच औषधे देण्याची मुभा दिली. अटी अशा : डॉक्टरांची चिठ्ठी हवी, जुनाट आजारात ती ३० दिवसांच्या आत आणि तात्पुरत्या आजारात ७ दिवसांच्या आत दाखवलेली असावी, आणि रुग्ण दुकानाच्याच महसुली जिल्ह्यातला हवा. अमली व मनोविकारांवरची नियंत्रित औषधे, तसेच ‘एच-१’ आणि ‘एक्स’ यादीतली औषधे यातून वगळली गेली.

गैरवापर रोखण्यासाठी हे बंधन समजू शकते. पण कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला, उठताही न येणारा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. त्याला लागणारे मॉर्फिन नेमके वगळलेल्या यादीत आहे. मुंबईत उपचार घेऊन नांदेडला परतलेल्या रुग्णाचे औषध मुंबईच्या दुकानात असले, तरी जिल्ह्याची अट आडवी येते. थोडक्यात, ज्याला दुकान गाठता येते त्याची सोय होते आणि ज्याला येत नाही तो बाहेर राहतो.

मग हवे काय?

नवे अॅप नको. रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर तीन ओळी वाढवाव्यात : पुढचे औषध कधी आणि कुठून मिळणार, ते चुकले तर काय करायचे, आणि विचारायला कोणाला फोन करायचा. सरकारने नियम करताना पार्सल पोहोचवणाऱ्यावर तापमानाची आणि हाती देण्याची जबाबदारी टाकावी. चुकलेल्या डोसांची नोंद कुठेतरी एका ठिकाणी व्हावी. इंग्लंडकडे नव्हती ती हीच नोंद.

तोवर तुम्ही काय कराल?

– घरी सोडण्यापूर्वीच कोणते औषध फ्रीजचे आहे आणि डोस चुकला तर काय करायचे, हे विचारून लिहून घ्या.

– बिलावर दुकानाचा परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत तपासा.

– थंड ठेवायचे औषध घरी कोणी असेल त्याच वेळी मागवा, शक्यतो जवळच्या दुकानातून. गरम किंवा गोठलेले आले तर वापरू नका, डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा.

– औषध संपायच्या आठवडाभर आधी पुढची सोय करा.

आजीची औषधे आता कोपऱ्यावरचे काकाच घरी पाठवतात. पोरगा पेन थेट तिच्या हातात देतो आणि ‘कालची साखर किती होती’ हेही विचारतो. हा प्रश्न विचारायला त्याला कोणत्याही नियमाने सांगितलेले नाही. ज्यांच्या कोपऱ्यावर असे काका नाहीत, त्यांच्यासाठी तो नियम करावा लागेल.