हजार-दीड हजारात हेडफोन

ईदीचे पैसे जमले की शाळकरी मुलांची मागणी हल्ली ठरलेली असते. हेडफोन हवा, आणि तोही साधा नाही, ‘गेमिंगचा’. भाऊ त्यावर बीजीएमआय खेळणार, बहीण त्याच हेडफोनवर गाणी ऐकणार, क्लासचे व्हिडिओ पाहणार आणि हातात रक्कम हजार-दीड हजार. एवढ्यात दोन्ही कामे नीट करणारी वस्तू मिळते. मात्र ती वायरची घ्यावी लागते. मुलांना हे पटत नाही, म्हणून आधी कारण पाहू.

ब्लूटूथमध्ये फोन आवाज आवळून लहान करतो, हवेतून पाठवतो आणि हेडफोन तो पुन्हा उलगडतो. साध्या ब्लूटूथ हेडफोनात या सगळ्याला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा धरा. गाणे ऐकताना हे कळत नाही, कारण अख्खे गाणेच तेवढे उशिरा येते. व्हिडिओत ॲप चित्रही तेवढेच मागे ठेवून मेळ घालू शकते. गेमला ही सोय नाही. शत्रू दाराशी येऊन उभा राहतो आणि त्याच्या पावलांचा आवाज मागून येतो. ‘गेम मोड’ असलेल्या हेडफोनात हा उशीर बराच कमी होतो, पण दुसरी अडचण उरते. सवंगड्यांशी बोलायला माइक सुरू केला की साधा ब्लूटूथ हेडफोन फोन-कॉलच्या दर्जावर येतो आणि ऐकू येणारा आवाज पातळ, बसलेला होतो. शिवाय त्याच किमतीत बॅटरी, चिप आणि चार्जिंगची डबीही बसवायची असते. मग आवाजासाठी उरते किती? वायरच्या हेडफोनात हे काहीच नसते.

आता खोक्यावरची जाहिरात. ‘७.१ सराउंड’ लिहिलेले असते, पण स्वस्त हेडफोनात दोन कानांना दोनच स्पीकर असतात. बाकीचा भास सॉफ्टवेअर घडवते, तोही बहुधा फक्त कॉम्प्युटरवर. पाऊल डावीकडून आले की उजवीकडून, हे ओळखायला चांगला स्टिरिओ पुरतो. रंगीत दिवे तर निव्वळ शोभेचे. ‘५० एमएम ड्रायव्हर’ हाही दर्जाचा पुरावा नव्हे. सोनीचा एमडीआर-झेडएक्स११० हा साधा, घडी होणारा हेडफोन घ्या. त्याचा ड्रायव्हर ३० एमएमचा आहे आणि गाण्यांसाठी तो अनेक वर्षे लोकांच्या पसंतीत आहे. (त्यात माइक नाही. माइक हवा तर त्याचेच ‘एपी’ मॉडेल पाहावे.) खोक्यावर पाहण्यासारखा एकच आकडा आहे, तो ओहमचा. १६ ते ३२ ओहमचा हेडफोन फोनवर सहज वाजतो. या सोनीचा २४ आहे.

‘एक्स्ट्रा बास’पासून जरा सांभाळा. दुकानात धडधड ऐकून मन खूश होते, पण तोच बास गेममध्ये पावलांचा बारीक आवाज गिळतो आणि गाण्यात गायकाचा गळा झाकतो.

पिन घरीच तपासून जा. बऱ्याच नव्या फोनला गोल छिद्रच नसते. तिथे टाइप-सीची जोडवायर लागते, आणि प्रत्येक जोडवायर प्रत्येक फोनवर चालत नाही. आपला फोन सोबत नेऊन लावून बघा. कॉम्प्युटरला माइक आणि स्पीकरची छिद्रे वेगळी असतील, तर एका पिनेच्या दोन करणारी छोटी वायर घ्यावी लागेल.

हिजाब घालणाऱ्या मुलींचा प्रश्न दुकानदाराच्या ध्यानात येत नाही. कपड्यावरून मोठा हेडफोन लावला की गादी कानाभोवती नीट बसत नाही, फटीतून बास निसटतो आणि मग आवाज वाढवला जातो. त्यांच्यासाठी कानात बसणारे वायरचे इअरफोन बरे. सोबत रबराच्या तीन मापांच्या टोप्या मिळतात, त्यातली घट्ट पण न दुखणारी निवडावी. चष्मा असेल तर मोठा हेडफोन दहा मिनिटे डोक्यावर ठेवून पाहा. काड्या दाबल्या गेल्या तर तो नको.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, इतरत्र गावचे मोबाइलचे दुकान. जिथे लावून पाहू देतात तिथे जा आणि ऐकायला दुकानदाराचे गाणे नको, आपल्या ओळखीचे काही लावा. माझा अनुभव असा की वाद्ये नसलेली तिलावत किंवा नात लावली की खोट चटकन कळते. एकट्या माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला, किंवा त्याचा श्वास ऐकू आला नाही, तर तो हेडफोन परत ठेवा. मग नेहमीचे एखादे गाणे लावा. माइकसाठी स्वतःलाच एक व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून ऐका.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट कानाची आहे. अंतर्कर्णातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. मुलांसाठी तीच मर्यादा ७५ डेसिबलची आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे मोठ्यांनाही ८९ डेसिबलला आठवड्यात पाचच तास मिळतात. घरात मिक्सर चालू, टीव्ही चालू, म्हणून पोरगा आवाज वाढवत जातो. बाहेरचा गोंगाट अडवणारी बंद पाठीची गादी म्हणूनच हवी. आयफोनमध्ये आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवता येते. अम्मी-अब्बूंनी ती पहिल्याच दिवशी बांधावी. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजते असे मूल म्हणाले, तर तो थकवा समजू नका. हेडफोन काही दिवस बाजूला ठेवा, आणि शिट्टी थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

वायर पिनेजवळच तुटते, म्हणून वायर निघणारा इअरफोन दोनशे रुपये महाग असला तरी घ्यावा. नुसती वायर बदलली की भागते. बिल पक्के मागा, त्यावर मॉडेल आणि तारीख लिहून घ्या. वॉरंटी असूनही दुकानदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.